थोरलीचा टाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि तिच्यापासून मी जन्मात फारसं काही लपवू शकलेलो नाही. मित्रांना नाही. देवापुढे हात जोडून उभं राहिलो तेव्हासुद्धा इकडचं तिकडचं सगळं बोललो आणि हे तेवढं गिळलं. मग तुम्हाला का सांगतो आहे? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

आमच्या ठाण्याच्या घरात थोरल्या मुलाने रेडिओ आणला आहे. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती जमतात, शेजारपाजारचेही येऊन बसतात, आणि मी उठून ओट्यावर जातो. मुलं म्हणतात, बाबांना ती खरखर सहन होत नाही. मी तारखात्यात कडकट्ट ऐकत ऐकत म्हातारा झालेला माणूस, मला खरखरीचं काय? पण त्यांचा समज मी मोडत नाही. लोकांचे समज न मोडणं ही माझी जुनी खोड आहे. ती किती जुनी, तेच सांगायचं आहे.

आम्ही एकदा असं यंत्र करायचं ठरवलं होतं — मी आणि माझा वर्गमित्र वामन. रेडिओ हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावरही आला नव्हता. गेल्या शतकाची शेवटची वर्षं. प्लेगाची पहिली साथ ओसरली होती, माळावरच्या झोपड्यांतून लोक घरी परतले होते, आणि आम्ही हायस्कुलात होतो. आमच्या सायन्सच्या मास्तरांना एका विलायती मासिकात वाचायला मिळालं, की तारेवाचून निरोप धाडता येतो. तारेवाचून तार! मास्तर आठवडाभर वेड्यासारखे तेवढंच बोलत होते. मग एके दिवशी त्यांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं आणि म्हणाले, बक्षीस समारंभाला साहेब येणार आहे, तोवर आपण हे करून दाखवायचं.

मास्तरांची पद्धत मात्र विचित्र. सामानाला हातच लावू देईनात. आधी नुसता बेत. वस्तू कुणासाठी? तो माणूस ती कुठे ठेवणार? त्याचे हात ओले असले तर? तो घाबरलेला असला तर? मी लिहून दिलं — चेंदणीच्या कोळ्यांसाठी. खाडीवर धुकं उतरलं की काठावरून इशारा द्यावा आणि होडीत घंटी वाजावी. वामनने लिहिलं — माडीवर एकट्या पडून राहिलेल्या आजाऱ्यासाठी. मास्तरांनी वामनचा बेत उचलला. कोळ्यांना एकमेकांना हाका मारता येतात म्हणाले, आजाऱ्याला तेवढंही जमत नाही. मला राग आला. मला राग पटकन यायचा आणि मी तो दाखवत नसे. हेही लक्षात असू द्या.

यंत्र तसं साधं होतं. एका टोकाला ठिणगी पाडणारी पेटी. ती शाळेच्या कपाटात आधीच होती. मुलांना विजेचा झटका देऊन हसवण्यापलीकडे तिचा कुणी उपयोग केला नव्हता. दुसऱ्या टोकाला एक बोटभर काचेची नळी, तिच्यात धातूचा कीस, आणि नळीला जोडलेली बॅटरी आणि घंटी. नळी वामनने आणली, त्याचे वडील दवाखान्यात औषधं बनवत. सगळी गंमत त्या किसात होती. किसाचे कण एरवी सुटे सुटे पडून असतात, वीज जाऊ देत नाहीत. पलीकडे ठिणगी पडली की ते एकदम एकमेकांना धरतात, विजेला वाट मिळते आणि घंटी वाजते. मग नळीला टिचकी मारायची, की कण पुन्हा सुटे. का धरतात? मास्तर म्हणाले, ते अजून कुणालाच नीटसं कळलेलं नाही.

लोखंडाचा कीस घालून पाहिला. आमची हवा खाडीची, खारट. दोन दिवसांत त्याला गंज चढला आणि घंटी मनाला येईल तेव्हा वाजू लागली, नाहीतर मुळीच वाजेना. मासिकात म्हटलं होतं, निकेलचा कीस हवा आणि त्यात चिमूटभर शुद्ध चांदी. निकेलचा एक तुकडा मास्तरांनी कुठल्याशा मोडक्या उपकरणातून काढला. राहिली चांदी. मी म्हणालो, मी आणतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घरोब्यातला सोनार बसायचा. मला अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस. त्याच्यापुढे हात पसरला असता तर चिमूटभर कीस त्याने हसत हसत तळव्यावर ठेवला असता. मी त्याच्याकडे गेलोच नाही. का गेलो नाही? सांगतो — पण त्यासाठी आधी घरचं सांगायला हवं.

माझी आई मी मराठी शाळेत असताना गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत नोकरीला. वर्ष सरायच्या आत त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी खडवलीकडच्या एका गावची. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल. घरात सत्ता होती काकूची. काकू म्हणजे अण्णांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. तिच्या शब्दाबाहेर अण्णाही जात नसत. नव्या आईला मी काय म्हणून हाक मारायची, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिला कशानेच हाक मारत नसे. ती मला दत्तू म्हणे. 'दत्तू, भात वाढू का रे?' — मी मानेनेच हो-नाही करायचा.

आता टाकाचं. पहिली बायको जाऊन दुसरी आली, की आमच्यात पहिलीचा टाक करतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली बाईची एवढीशी आकृती. दुसरीने तो गळ्यात घालायचा. थोरली वरून बघत असते, तिचा मान राखला नाही तर धाकटीला ती सुखाने नांदू देत नाही, असा समज. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सकाळी आधी टाकाला कुंकू, मग स्वतःला. नवी आई हे सगळं मन लावून करी. टाकाला ती 'थोरल्या बाई' म्हणे. वाढायला वाकली की तो टाक पदरातून निसटून पुढे यायचा आणि माझ्या ताटावर झुलायचा.

माझी आई, त्या मुलीच्या गळ्यात. रोज दोन्ही वेळा, माझ्या ताटावर.

न्हायच्या दिवशी ती टाक काढून देवघरात तबकात ठेवी, शिकेकाईने चांदी काळी पडते म्हणून. केस लांब होते, धुवायला वेळ लागे. अशा एका सकाळी मी शाळेतली कानस घेऊन देवघरात गेलो. टाक उलटा केला, कडेला चार हात मारले, खाली कागद धरला होता. चिमूटभर कीस पडला. टाक पुसून होता तसा ठेवला. कड जराशी खरखरीत झाली होती, पण ती कोण बघणार?

नळी भरली. पेटी मास्तरांच्या खोलीत, नळी आणि घंटी पलीकडच्या वर्गात, मध्ये जाड भिंत. मास्तरांनी ठिणगी पाडली आणि इकडे घंटी खणखणली. वामन ओरडला. मास्तर धावत आले, मला म्हणाले, शाब्बास रे! मी मनाशी म्हटलं, अखेर आईच उपयोगी पडली. मोठं गोड वाटलं. इथवरची गोष्ट मी कुणालाही हसत हसत सांगू शकलो असतो. पोरवयातला एक वात्रटपणा, नाही का? मीही स्वतःला ती इथवरच सांगत आलो. चांदी हवी होती, म्हणून टाक घासला.

पण नळी तर भरली होती. आणखी चांदी कुणालाही नको होती. आणि तरी पुढच्या न्हायच्या दिवशी मी पुन्हा कानस घेऊन देवघरात गेलो.

त्याच आठवड्यात मला कळलं होतं की नव्या आईला दिवस गेलेत. मला कुणी सांगितलं नाही, मला दिसलं. अण्णा पडवीत बसून तिच्याशी हळू आवाजात काही बोलले आणि हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तिने पदर सावरला, टाक बाजूला सारला आणि तीही हसली. बस, एवढंच. आई तिच्या गळ्यात नको होती मला. तिथून ती मला काढून घ्यायची होती.

मी टाक सुलटा धरला आणि तोंडावर कानस चालवली. नाक गेलं. डोळे गेले. कपाळ सपाट झालं. पत्रा फाटू नये इतपत हात राखून, म्हणजे पुरतं भान ठेवून. खाली पडलेला कीस मी फुंकून दिला. मग बोटाने कुंकू घेतलं आणि तोंड होतं तिथे फासलं.

तिला ते केव्हा दिसलं, ठाऊक नाही. पण त्यानंतर टाकावरचा कुंकवाचा थर जाड होत गेला. रोज थोडा जाड. पहिल्यांदा मला वाटलं, भक्ती वाढली. मग ध्यानात आलं — ती झाकते आहे. तिने पाहिलं होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. काय समजूत करून घेतली असेल तिने? कानशीचं तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आपल्या गळ्यात असताना थोरल्या बाईंचं तोंड नाहीसं झालं, एवढंच तिला दिसत होतं. हे कुणाला सांगायचं तरी कसं?

सातव्या महिन्यात ओटी भरायची ठरली. सुवासिनी जमल्या. मी माजघराच्या दारात नारळाची पाटी धरून उभा होतो. पहिली ओटी थोरलीची, तसा मान असतो. म्हणून काकूने तिच्या गळ्यातला टाक काढून घेतला आणि दुधाने धुतला. कुंकू वाहून गेलं. दूध लाल झालं, आणि त्यातून वर आलं ते एक तोंड नसलेलं बाईमाणूस.

काकू आधी टाकाकडे बघत राहिली, मग तिच्याकडे.

"सवतीचं तोंड घासलंस? पोटात पोर असताना?"

"नाही हो जाऊबाई, मी नाही. ते आपोआप गेलं."

आपोआप गेलं. याहून वाईट उत्तर तिला देता आलं नसतं. मग झाकून का ठेवलंस, असं कुणीतरी विचारलं. तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. पाटी माझ्या हातात होती. नारळ जड होते, हात भरून आले होते, एवढं आठवतं. मी पाटी खाली ठेवली आणि बाहेर गेलो.

तेव्हा बोललो असतो तर? अण्णांनी फोडून काढलं असतं. काकूने चार लोकांत वाभाडे काढले असते. भटजींनी एखादी शांत केली असती, सोनाराने नवा टाक घडवला असता, आणि महिन्याभरात सगळे विसरले असते. याहून काही झालं नसतं. हे मला आज सुचतं आहे असं समजू नका, तेव्हाही पुरतं ठाऊक होतं. यंत्राचं काय होईल, मास्तर काय म्हणतील, साहेबासमोर मला उभं करतील का — असल्या सबबी मी पुष्कळ केल्या. त्या खोट्या होत्या.

काकूने निकाल दिला — बाळंतपण पार पडेपर्यंत नवा टाक घडवायचा नाही. थोरलीच्या मनात काय आहे ते आधी कळू दे. म्हणजे नव्या आईचा गळा रिकामा. नव्या आईच्या समजुतीप्रमाणे थोरलीला आता अडवणारं काही उरलं नव्हतं.

आणि तरी, माझा दोष हा गप्प बसण्याचा नाही. गप्प बसणारे जगात खूप असतात. नुसता गप्प बसलो असतो तर हे मी कधीतरी बायकोला सांगितलं असतं. मी... थांबा. इतकी वर्षं झाली, तरी इथे आलं की मी वळसा घालतो.

नवी आई मला विचारायला आली. मागच्या पडवीत मी बॅटरीच्या बरण्या धूत बसलो होतो. दुपार होती, काकू आत पडली होती. ती खांबाला धरून उभी राहिली. पोट मोठं दिसत होतं आणि चेहरा एवढासा. आपण होऊन मला काही विचारायला ती कधी येत नसे, भात वाढण्यापलीकडे आमचं बोलणंच नव्हतं.

"दत्तू, तू त्यांच्या पोटचा. तुला कळेल. थोरल्या बाईंनीच तोंड फिरवलं का रे माझ्यावरून?"

मी बरणीतून हात काढले. तिच्याकडे बघितलं. आणि म्हणालो,

"असेल."

हाच तो शब्द. 'नाही' म्हणायलाही तेवढाच श्वास लागला असता. मी नीट विचार करून, तिच्या डोळ्यांत बघून, 'असेल' म्हणालो. आणि तिच्या तोंडावरचा उरलासुरला रंग गेला तेव्हा — लिहिताना हात अडतो आहे, पण आता थांबण्यात अर्थ नाही — तेव्हा मला बरं वाटलं. गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने थोरल्या बाईंचं पान वाढायला सुरुवात केली. दुपारी केळीच्या पानावर पहिला भात, वरण, जे काही असेल ते. पान मागच्या भिंतीवर ठेवायचं आणि कावळा शिवेपर्यंत आपण अन्नाला शिवायचं नाही. संध्याकाळचं जेवण तिने सोडूनच दिलं. कावळ्यांचं काय सांगावं? कधी पान ठेवताच झडप घालत, कधी दुपार कलली तरी फिरकत नसत. फिरकले नाहीत की ती तशीच. भिंतीपाशी उन्हात उभी राहायची, तोंडाने काहीतरी पुटपुटत. अण्णा एकदा म्हणाले, पोटुशी आहे, जेवू द्या तिला. काकू म्हणाली, भावजी, बायकांच्या गोष्टीत तुम्ही पडू नका. अण्णा कचेरीत निघून गेले. मी शाळेत निघून गेलो.

बक्षीस समारंभ झाला. पेटी खाली, घंटी वरच्या दिवाणखान्यात. साहेब, त्याची मड्डम, गावातले प्रतिष्ठित, सगळे घंटीकडे टक लावून बसलेले. घंटी वाजली. टाळ्या पडल्या. हे यंत्र आजाऱ्यांच्या सेवेसाठी आहे, असं मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं. साहेबाने मला आणि वामनला हात दिला.

मास्तरांनी यंत्र एक दिवस घरी नेऊ दिलं, अण्णांना दाखवायला. अण्णांनी पाहिलं, मान हलवली. ते गेल्यावर ती दारातून पुढे आली. यात कोण वाजवतं रे, तिने विचारलं. मी तिला समजावून सांगितलं. का सांगितलं? बढाई. माझं पहिलं लांबलचक बोलणं तिच्याशी, आणि ते बढाईचं. हे कण, हे एकमेकांना धरतात. कसले कण? निकेल, आणि थोडी चांदी. चांदी, ती म्हणाली. नळी उचलून तिने उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग जपून खाली ठेवली आणि म्हणाली, हातपाय धुऊन ये, पान घेते.

तिला कळलं का? मी यावर किती डोकं फोडलं असेल! दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो. कळलं असतं तर ती त्या दिवसापासून जेवली असती. ती जेवली नाही. म्हणून मी धरून चालतो की कळलं नाही.

आठवा लागल्यावर तिला माहेरी पोचवलं. कल्याणपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. निघताना तिने काकूच्या पाया पडून घेतलं, देवाला नमस्कार केला, आणि भिंतीवर पान ठेवायचं काकूला पुन्हा पुन्हा बजावलं. मला म्हणाली, "दत्तू, त्यांना सांग ना माझ्यासाठी." त्यांना म्हणजे माझ्या आईला. मी हो म्हणालो.

काही आठवड्यांनी तिचा भाऊ सकाळीच दारात येऊन उभा राहिला. डोक्याला पागोटं नव्हतं. बोलायची गरजच पडली नाही. मूल आडवं आलं होतं, ती दोन दिवस अडून होती, अंगात जोर नव्हता म्हणाला. सुईणीने सांगितलं म्हणे, बाळंतीण आधीच सुकलेली. मूलही गेलं. मुलगी होती. भाऊ ओट्यावर बसला आणि पागोटं नसलेलं डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं. शेवटपर्यंत पान वाढत होती, तो म्हणाला. आमच्या आईने हातापाया पडून सांगितलं, ऐकलं नाही तिने.

आत काकू एवढंच म्हणाली, "नेलंच शेवटी थोरलीने."

त्या वाक्याने काय केलं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी तिच्यासाठी रडलो — हो, रडलो, लोकांना मोठं कौतुक वाटलं, सावत्र आईसाठी रडतो म्हणून. मी ते कौतुकही घेतलं. पण हळूहळू कळत गेलं. माझी आई ज्यांनी पाहिली होती ते सांगत, की ती दारी आलेल्या भिकाऱ्यालाही बसवून वाढायची. आता तीच बाई कोपिष्ट झाली. बाळंतिणीला खाणारी झाली. बायका तिचं नाव घेताना आवाज खाली आणू लागल्या. अण्णांचं तिसरं लग्न झालं तेव्हा त्या पोरीला पहिल्या दिवसापासून माझ्या आईची भीती घातली गेली. तिच्या गळ्यात दोन टाक आले, थोरलीचा नव्याने घडवलेला आणि धाकटीचा. धाकटीच्या टाकाला ती हात जोडी. थोरलीचा टाक ती पदराच्या टोकाने धरी, हे मी पाहिलं आहे.

मी माझ्या आईला त्या मुलीच्या गळ्यातून काढायला गेलो होतो. काढली ती अशी. एक मेली आणि दुसरी तिची मारेकरीण ठरली, आणि दोघींच्या मध्ये मी उभा होतो, सगळं माहीत असलेला एकटा माणूस. काकू गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होतो. अण्णा गेले तेव्हाही होतो; शेवटच्या दिवसांत ते म्हणाले होते, तुझ्या आईने असं का केलं असेल रे? मी त्यांचे पाय चेपत होतो. चेपत राहिलो.

तिचं नाव यमुना. लग्नानंतर घरात वेगळं नाव ठेवलं होतं, पण तिचा भाऊ ओट्यावर बसून रडला तेव्हा तो यमू म्हणाला. मी तिला एकदाही कशानेही हाक मारली नाही.

काल आमच्या धाकट्या सुनेची ओटी भरली. घर माणसांनी भरलं होतं. माझ्या बायकोने रिवाजाप्रमाणे आधी एक पान बाजूला वाढलं आणि सुनेला त्याच्यापुढे डोकं टेकवायला लावलं. सुनेने विचारलं, हे कुणाचं? बायकोने तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं — यांच्या आईचं, त्या फार कडक होत्या, एक बाळंतीण नेली आहे त्यांनी, म्हणून आधी त्यांना शांत करायचं. सून शिकलेली आहे, पण घाबरली. तिने पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, मी काही बोलतो का म्हणून. मी पाटावर बसलो होतो. पुढे ताट वाढलेलं होतं. मी जेवलो.